उलथनं हाती येईपर्यंत

सप्टेंबर उजाडला की कोरियन वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास येतं. माणसं दरवर्षी बदलतात, छायाचित्र तेच. हानबोक हा पारंपरिक कोरियन पोशाख नेसलेल्या पाच-सहा परदेशी विद्यार्थिनी ओळीनं उभ्या, प्रत्येकीच्या हातात तांदळाच्या पिठाचा छोटासा गोळा, तो गालाशी धरलेला, आणि चेहऱ्यावर असा आनंद की हातात पिठाचा गोळा नसून नेमणुकीचं पत्र असावं. खाली ओळ असते: परदेशी विद्यार्थ्यांनी घेतला चुसोकचा अनुभव.

ही ओळ खरी नाही असं कोण म्हणेल? पण चुसोकचा पुरता अनुभव ज्यांना येतो ती माणसं त्या दिवसांत सोल-बुसान क्योंगबू महामार्गावर अडकलेली असतात, आणि त्यांच्या चेहऱ्यांचं छायाचित्र कोणी गालाशी गोळा धरायला लावून काढत नाही.

चुसोक हा कोरियाचा सुगीचा सण. त्यांच्या चांद्र पंचांगातल्या आठव्या महिन्याची पौर्णिमा. आपल्या पंचांगाशी ताडून पाहिली तर बहुतेक वर्षी ती भाद्रपद पौर्णिमा निघते. म्हणजे आपल्याकडे पितरांचा पंधरवडा जिथून धरतात, त्याच सुमाराला कोरियन माणूसही पितरांपुढे नव्या तांदळाचं ताट मांडून उभा असतो. (२०२५ साली त्यांचा अधिक महिना आला, आपला पुढच्या वर्षावर गेला, आणि चुसोक थेट कोजागिरीला, ६ ऑक्टोबरला पडला. कोजागिरीला सरकारी सुट्टी मिळण्याचं भाग्य सोलमधल्या मराठी मंडळींना लाभलं ते असं.) फरक एवढाच की आपण पितृपक्षात नवी वस्तू घरात आणायला बिचकतो, आणि कोरियन माणूस पितरांच्या नावानं डिपार्टमेंट स्टोअर रिकामं करतो.

सणाचं मूळ शोधत गेलं तर बाराव्या शतकातल्या ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथात एक नोंद सापडते. इ.स. ३२ मध्ये सिल्ला या प्राचीन कोरियन राज्याच्या युरी राजानं राजधानीतल्या बायकांचे दोन गट पाडले, प्रत्येक गटावर एकेक राजकन्या नेमली, आणि महिनाभर त्यांना कापड विणायला बसवलं. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला निकाल. हरलेल्या गटानं जिंकलेल्या गटाला खाऊपिऊ घालायचं, मग नाचगाणी. बायकांनी महिनाभर राबायचं, निकाल पुरुषानं द्यायचा, आणि शेवटी स्वयंपाकही बायकांनीच करायचा, ही सणाची मूळ कल्पना पुढच्या दोन हजार वर्षांत फारशी बिघडलेली नाही.

परदेशी पर्यटकाला मात्र यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतं ते रिकामं सोल. एरवी ज्या मेट्रोत पाय ठेवायला जागा नसते तिथं तो पाय पसरून बसतो. शेजारच्या नूडल्सच्या दुकानावर हातानं लिहिलेली पाटी, अमुक तारखेपर्यंत बंद. त्याच्या पुढचंही बंद. दोन दिवस तो चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानातल्या त्रिकोणी किंबापवर, म्हणजे समुद्रशैवालात गुंडाळलेल्या भातावर, काढतो आणि घरी कळवतो, की कोरियन जेवण साधं असतं.

राजवाडे मात्र उघडे, आणि अलीकडे सणाच्या सुट्टीत फुकट. क्योंगबोकगुंगच्या पटांगणात त्या दिवशी जो जनसमुदाय जमतो, त्यात भाड्याच्या हानबोकमधले ब्राझिलियन असतात, जर्मन असतात, मलेशियातली अख्खी कुटुंबं असतात. एकमेकांना ते कोरियन समजून वाकून नमस्कार करतात. मग ध्वनिक्षेपकावरून घोषणा होते: या, सगळे मिळून गांगगांगसुल्ले करू या. पौर्णिमेच्या चांदण्यात बायकांनी हातात हात धरून फेर धरायचा, असा हा दक्षिणेकडच्या जोल्ला प्रांतातला जुना नाच. २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेला. त्याची एक आख्यायिका सांगतात. सोळाव्या शतकात जपानी आरमार चालून आलं, तेव्हा सेनापती यी सुन-शिन यांच्याकडं माणसं थोडी होती. त्यांनी बायकांना सैनिकी वेशात डोंगरावर गोल फिरायला लावलं, आणि लांबून पाहणाऱ्या जपान्यांना वाटलं, केवढी फौज आहे! युक्ती आजही चालते. राजधानीत कोरियन माणसं शिल्लक आहेत असं पर्यटकांना वाटावं म्हणून हा फेर धरतात, असा माझा अंदाज आहे. मी पाहिला त्या फेरात कोरियन बाई एकच होती, आणि तिच्या हातात ध्वनिक्षेपक होता.

सोंगप्योनचा वर्गही अशाच ठिकाणी भरतो. सोंगप्योन म्हणजे तांदळाच्या पिठात गरम पाणी घालून मळायचं, पारी करायची, आत तीळ-साखर, मूग किंवा चेस्टनटचं सारण, आणि अर्धचंद्राचा आकार देऊन पाइनच्या हिरव्या काड्यांवर वाफवायचं. कोकणातल्या माणसाला यापुढं काही सांगायची गरज नाही. ही उकडीची करंजी आहे, हळदीच्या पानाला वनवास झाला एवढंच. वर्गात एक रत्नागिरीकडच्या काकू होत्या, मुलाकडं आलेल्या. बाकीचे देश पिठाशी झगडत असताना त्यांनी दोन मिनिटांत पारी करून, बोटांच्या चिमटीनं एकवीस मुखऱ्या पाडून, कळीदार मोदक पुढं ठेवला. शिकवणारी मुलगी थबकली. फार सुंदर आहे, म्हणाली, पण हे काय आहे? मग तिला जुनी समजूत आठवली. जी देखणं सोंगप्योन करते, तिला देखणी मुलगी होते, असं तिनं काकूंना कौतुकानं सांगितलं. काकू म्हणाल्या, “दोन मुलगे झाले, बाई. तेव्हा सांगायचं होतंस.”

खाताना आत काय आहे ते बाहेरून कळत नाही, आणि खरी गंमत तिथं आहे. तीळ-साखर लागली तर नशीब. घेवडा लागला तर चेहरा सरळ ठेवून गिळायचं. कोरियन मुलं पहिला घास घ्यायच्या आधी सोंगप्योन उजेडाकडं धरून बघतात, हे मी स्वतः पाहिलंय. परदेशी पाहुणा विश्वासानं चावतो.

परदेशी माणसांतला दुसरा वर्ग राजवाड्यात नसतो. तो कारखान्याच्या वसतिगृहात असतो. २००४ पासून कोरिया परवाना पद्धतीनं नेपाळ, बांगलादेश, इंडोनेशिया, व्हिएतनाम अशा देशांतून कामगार आणतो. त्यांची छायाचित्रं गालाशी गोळा धरून येत नाहीत. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मालक त्यांना रांगेत उभं करतो, प्रत्येकाच्या हातात एक खोका देतो आणि पाठ थोपटतो. खोक्यात असतं स्पॅम.

स्पॅम म्हणजे डुकराच्या मांसाचा डबाबंद ठोकळा. कोरियन युद्धात अमेरिकन फौजेबरोबर तो या देशात शिरला. खायला काही नव्हतं त्या काळात मिळालेली चीज, म्हणून तिची किंमत मनातून उतरली नाही. १९८७ पासून कोरियातच तयार होऊ लागली, आणि आज सणाला रेशमी अस्तराच्या खोक्यात, सोनेरी रिबिनीसह, बारा-बारा डबे मानानं दिले जातात. अमेरिकन माणसाला हे पाहून काही क्षण बोलता येत नाही. त्याच्या देशात ही वस्तू कोणी भेट म्हणून दिली तर मैत्री संपते. स्पॅम नसेल तर ट्यूना. ट्यूना नसेल तर खाण्याचं तेल. तेही नसेल तर शांपू आणि टूथपेस्ट, एका खोक्यात, एकमेकांना न भिडता, पाळण्यातल्या जुळ्यांसारखी ठेवलेली.

बांगलादेशी कामगाराला डुकराचं मांस चालत नाही, हे मालकाच्या लक्षात यायला वेळ लागतो. मालक वाईट नसतो, त्याच्या कल्पनेत स्पॅम हे मांस नसून सण असतो. मग वसतिगृहात रात्री बाजार भरतो. नेपाळ्याकडचं तेल बांगलादेश्याकडं, बांगलादेश्याचं स्पॅम नेपाळ्याकडं. कोणत्याही व्यापारी कराराशिवाय इतका सुरळीत चालणारा आंतरराष्ट्रीय व्यवहार मी दुसरा पाहिलेला नाही. कोरियन लोकही हेच करतात, फक्त मोबाइलवर. सण संपला की जुन्या वस्तू विकण्याच्या अ‍ॅपवर न उघडलेल्या खोक्यांची रांग लागते.

वरच्या पातळीवरच्या भेटी वेगळ्या. तिथं हानू जातीच्या गाईचं मांस, सुकवलेले पिवळे मासे आणि पेअर. कोरियन पेअर हे फळ भेट म्हणून निघतं तेव्हा त्याला जाळीचा अंगरखा, त्यावर पुठ्ठ्याची खोली, त्यावर खोका, त्यावर रेशमी रुमालाची गाठ. लग्न लावून द्यायची मुलगी एवढी सजत नाही. २०१६ मध्ये लाचविरोधी कडक कायदा आला आणि सरकारी अधिकारी, शिक्षक, पत्रकार यांनी किती किमतीची भेट घ्यावी यावर मर्यादा पडली. शेतकरी आणि कोळी ओरडले. मग शेतमालाला आणि मासळीला मर्यादा वाढवून मिळाली, सणाच्या दिवसांत आणखी वाढवून मिळाली. म्हणजे पेअर असेल तर लाच जरा उशिरा सुरू होते.

आता तिसरा प्रकार. एखाद्या कोरियन साहेबाला दया येते आणि तो परदेशी माणसाला आपल्या गावी घेऊन जातो.

इथून पाहुण्याच्या ज्ञानात झपाट्यानं भर पडू लागते. सोल ते बुसान हे अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास. वेगवान रेल्वेनं एरवी अडीच-पावणेतीन तास, पण तिची सणाची तिकिटं काही आठवडे आधी विक्रीला येतात आणि बघता बघता संपतात. म्हणून मोटार. सणाच्या ऐन गर्दीत हाच प्रवास आठ, नऊ, दहा तासांचा होतो. बसगाड्यांसाठी राखलेली एक मार्गिका असते. तिच्यातून नऊ आसनांची मोटारही जाऊ शकते, पण आत किमान सहा माणसं हवीत. त्यामुळं एरवी ज्यांचं तोंड पाहवत नाही अशा चुलतभावांना लोक आग्रहानं गाडीत बसवतात. २०१७ पासून, कोरोनाची वर्षं सोडली तर, सणाला महामार्गाचा टोल माफ आहे. गाड्या जिथं हलतच नाहीत तिथं रस्त्याचे पैसे मागायची सरकारलाही लाज वाटली असावी. गाड्यांच्या मधून फुगवलेल्या तांदळाच्या चकत्या विकणारे फिरतात. पाहुणा चकती खातो, डुलकी काढतो, जागा होतो. मघाचाच चकतीवाला खिडकीशी उभा असतो.

गावी पोचल्यावर पहाटेची चार्ये, म्हणजे पितरांची पूजा. ताटांची मांडणी कडक: लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, मासा पूर्वेला, मांस पश्चिमेला. काय ठेवायचं याहून काय ठेवायचं नाही याला महत्त्व. पीच चालत नाही. पीच पाहिला की भुतं-खेतं पळतात अशी समजूत आहे आणि पितर, कितीही आपले झाले तरी, त्या नियमातून सुटत नाहीत. एका फ्रेंच गृहस्थांनी यजमानांसाठी मोठ्या प्रेमानं पीचचीच पेटी नेली होती. ती तातडीनं गॅरेजमध्ये हलवली गेली. चार पिढ्यांचे पूर्वज दारावरून परत जाणार होते, थोडक्यात वाचले.

वंदनाचाही नियम आहे. गुडघे टेकून, कपाळ हातांशी नेऊन करायचं वंदन मेलेल्यांना दोनदा, जिवंतांना एकदा. परदेशी माणूस उत्साही असतो. पितरांना दोनदा वाकला की तीच लय पकडून तो वळतो आणि कोपऱ्यात बसलेल्या नव्वदीच्या आजोबांनाही दोनदा वाकतो. खोलीत शांतता पसरते. आजोबा तेवढ्यात आपण श्वास घेतोय ना, हे तपासून पाहतात.

सुवॉनमध्ये नोकरी करणारा एक संगमनेरचा इंजिनिअर असाच आपल्या साहेबांच्या घरी गेला होता. साहेब किम, आणि किम म्हणजे गिम्हे गावच्या मूळपुरुषाचे किम, ज्यांची संख्या आज चाळीस लाखांच्या वर आहे. तेराव्या शतकातल्या ‘सामगुक युसा’ ग्रंथात या घराण्याची कथा आहे. इ.स. ४८ मध्ये आयुता नावाच्या देशाची राजकन्या समुद्रमार्गे आली, किम सुरो राजाशी तिनं लग्न केलं, तिचं नाव हो ह्वांग-ओक. आयुता म्हणजे अयोध्या असं अनेक कोरियन मानतात. अयोध्येत तिचं स्मारकही उभं राहिलं आहे. इतिहासकार यावर मान डोलवतातच असं नाही, पण जेवणाच्या ताटावर इतिहासकाराला कोण बोलावतो?

आजोबांनी विचारलं, “इंदो?”

“हो, इंदो.”

“मग तू आमच्या आजीकडचा!”

आमच्या इंजिनिअरनं नम्रपणे सांगायचा प्रयत्न केला, की अयोध्या उत्तरेला, आपण संगमनेरचे, मध्ये बरंच अंतर आहे.

आजोबा म्हणाले, “आमची आजी सोळा वर्षांची पोर, बोटीतून कोरियापर्यंत आली. आणि तुला संगमनेर लांब वाटतं?”

इथवर सगळं गोड होतं. पण नातं लागलं त्या क्षणी पाहुणेपण गेलं, हे त्या गरिबाला कळलं नाही. सकाळपर्यंत त्याला फक्त, तिखट झेपतं का, असं विचारत होते. आता काकवा सरसावल्या. वय किती? एकतिसावं? लग्न? का नाही? पगार? घर स्वतःचं? किती प्योंगचं? एक प्योंग म्हणजे साधारण सव्वातीन चौरस मीटर, आणि कोरियन काकू एवढ्या मापात माणसाची पूर्ण किंमत काढते. संगमनेरहून पाच हजारांहून जास्त किलोमीटरवर पळून येऊन जे प्रश्न चुकवले होते, ते दोन हजार वर्षांच्या वळणानं घरी आले.

शेजारी बसलेल्या साहेबांच्या पुतण्यानं त्याच्या कानात सांगितलं, घाबरू नकोस, आम्हाला हे रोजचं आहे. कोरियन तरुणांमध्ये नातेवाइकांच्या प्रश्नांचं दरपत्रक फिरतं, हॉटेलच्या मेन्यूसारखं. वजनाबद्दल बोलायचं तर इतके वॉन, नोकरीबद्दल इतके, लग्नाचा दर चढा, मूल कधी याचा सगळ्यांत जास्त. आधी पैसे ठेवा, मग विचारा. सोल राष्ट्रीय विद्यापीठातल्या किम यंग-मिन या प्राध्यापकांनी २०१८ मध्ये एका वर्तमानपत्री लेखात याहून स्वस्त उपाय सुचवला. काकांनी लग्नाचं विचारलं की उलट विचारायचं, लग्न म्हणजे नेमकं काय? काका म्हणाले, अरे चुसोक आहे म्हणून विचारलं. तर विचारायचं, चुसोक म्हणजे तरी काय? लेख देशभर गाजला. इंजिनिअरनं तिथल्या तिथं हा प्रयोग केला. त्याचं कोरियन कच्चं होतं, त्यामुळं काकूंना वाटलं पोराला खरंच माहीत नाही. त्यांनी त्याला युरी राजापासून सगळं समजावून सांगितलं, आणि शेवटी विचारलं, लग्न का नाही केलंस?

तो निदान बसून खात तरी होता. स्वयंपाकघरात परदेशी माणसांतला शेवटचा आणि सगळ्यांत जाणकार वर्ग होता. त्या घरची धाकटी सून व्हिएतनामची. खेड्यापाड्यांत अशा सुना खूप आहेत. व्हिएतनाम, चीन, फिलिपिन्सच्या. त्यांच्यासाठी सरकारी केंद्रांत वर्गही भरतात, चार्येचं ताट कसं मांडावं याचे. म्हणजे लाल पूर्वेला आणि पांढरं पश्चिमेला हे घरातल्या कोणत्याही किमपेक्षा हिला पक्कं पाठ असतं. पर्यटकाच्या हाती पिठाचा गोळा येतो, कामगाराच्या हाती खोका. हिच्या हाती उलथनं.

जोन तळायचं असतं. मासा, भोपळा, खिम्याच्या टिकल्या, काडीत ओवलेलं हॅम, प्रत्येक गोष्ट पिठात घोळवून, अंड्यात बुडवून, तव्यावर दोन्ही बाजूंनी. आदल्या सकाळी बसायचं ते कंबर सरळ होईना तोवर. पुरुष बाहेरच्या खोलीत ह्वाथूचे पत्ते कुटत बसतात. त्या पत्त्यांत आठव्या महिन्याच्या पानावर डोंगरावरचा पूर्ण चंद्र काढलेला असतो. खऱ्या चंद्राकडं पाहायला कोणी उठत नाही. सणानंतरच्या सुनांच्या दुखण्यांना कोरियात चक्क नाव आहे, सणाचा आजार. हाताला लावायचं खोटं प्लास्टर विकायला आल्याच्या बातम्याही तिथल्या वर्तमानपत्रांत येऊन गेल्यात. २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीनं गावोगावी फलक लागले, पोरांनो, या वर्षी घरी येऊ नका, येईल तो कुपुत्र. म्हाताऱ्यांनी तो फलक डोळे पुसत वाचला, सुनांनी फ्रेम करून ठेवायला हवा होता.

मग २०२२ मध्ये आक्रीत घडलं. सोंगक्युनग्वान ही १३९८ मध्ये स्थापन झालेली कन्फ्युशियन विद्येची गादी. तिच्या धुरीणांनी पत्रकार परिषद घेऊन जाहीर केलं, की पितरांसाठी तळण करण्याची काहीएक गरज नाही. जुन्या पंडितांनी तर तेलकट पदार्थ रीतीला धरून नाहीत असंच लिहून ठेवलंय. नऊ पदार्थ पुष्कळ झाले. आणि ते लाल पूर्वेला, पांढरं पश्चिमेला? ते कोणत्याच जुन्या विधिग्रंथात नाही.

धाकट्या सुनेनं ही बातमी मोबाइलवर काढून सासूबाईंना वाचून दाखवली. सासूबाईंनी चष्मा लावून ती स्वतः पुन्हा वाचली. विद्वानांचा त्यांना आदर होता. म्हणाल्या, “खरंय. पितरांना नको असेल. पण तुझ्या नवऱ्याला आवडतं ना.”

आणि मोठी जाऊ? ती आणि मोठा दीर त्या वर्षी आलेच नव्हते. हल्ली पुष्कळ कोरियन कुटुंबं चुसोकच्या सुट्टीत इंचनच्या विमानतळावरून सरळ परदेशी निघून जातात, आणि त्यांचं एक लाडकं ठिकाण आहे व्हिएतनाममधलं दा नांग. समुद्र, स्वस्त हॉटेलं, कोरियन बोलणारे वाढपी. व्हिएतनाममध्येही त्याच पौर्णिमेला सण असतो, कंदील घेऊन नाचणाऱ्या पोरांचा. दुपारी घराच्या गटावर दिराचं छायाचित्र आलं: काळा चष्मा, हातात शहाळं, मागं दा नांगचा किनारा. खाली त्यानं धाकट्या भावजयीला विचारलं होतं, तुमच्या देशात आलोय, संध्याकाळी इथलं खास असं काय खाऊ?

तिनं एका हातानं जोन उलटलं आणि दुसऱ्या हातानं लिहिलं, “तळलेलं सोडून काहीही.”